पीटरला पाठ असलेलं नाटक

मालिकेतल्या नटांना नावं ठेवताय ना, मग आमच्या पीटरचं ऐका. हा माझा सिंगापूरमधल्या हौगांग भागातला शेजारी, इंग्रज नट. इंग्लंडमधल्या एका मालिकेत त्याने वीस वर्षं पबचा मालक रंगवलाय. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक मी बसवत होते आणि मला गोरा कलेक्टर हवा होता, म्हणून त्याला घेतलं. वाक्यं दोनच, तीही इंग्रजीत. आमचा नायक देशपांडे, बँकेतला मोठा साहेब, तालमीत सारखा म्हणायचा, "मालिकावाल्यांना कसलं आलंय पाठांतर!"

प्रयोगात ऐन कचेरीच्या प्रवेशात देशपांडेच अडकला. विंगेत प्रॉम्प्टर ज्यावर संहिता वाचत होता, तो मोबाईल बंद पडलेला. तेवढ्यात पीटर खुर्चीतून उठला आणि त्याने देशपांडेचं अडलेलं वाक्यच जसंच्या तसं त्याला दरडावून विचारलं, "ही जमीन आमच्या बापजाद्यांची आहे?" चक्क मराठीत!

"हो, आहेच!" देशपांडे गरजला आणि पुढचं घडाघडा बोलला. हॉल टाळ्यांनी दणाणला.

पडदा पडल्यावर देशपांडेने हात जोडले. "पीटरराव, तुम्हाला अख्खं नाटक पाठ?"

"तालमी रेकॉर्ड केल्या होत्या," पीटर म्हणाला. "मालिकेत कोण कधी मरेल आणि त्याची वाक्यं कुणाच्या वाट्याला येतील, सांगता येत नाही. म्हणून मी सगळ्यांचंच पाठ करतो."