बुजवली की झाकली

मी, महिपत गंगाराम सुर्वे, वय ५३ वर्षे, व्यवसाय संस्कृतची खाजगी शिकवणी, रा. नाचणे, ता. जि. रत्नागिरी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

माझा भाचा हर्षद याने गतवर्षी कर्ज काढून खेडशी येथील जुने चिरेबंदी घर खरेदी केले. जीर्ण वास्तू घ्यावी, रंगरंगोटी करावी आणि दोन महिन्यांत चढ्या भावाने विकावी, ही विद्या त्याने मोबाईलवरील व्हिडिओंतून संपादन केली होती. मी त्याचा अवैतनिक प्रधान सल्लागार होतो. ("मास्तर, मराठीत सांगा," अशी सूचना हवालदारांनी केली. ती शिरोधार्य आहे.)

पुढील अंगणात रुंद बाव, म्हणजे विहीर, होती. व्हिडिओंत बाव नव्हती. गिऱ्हाईक घर वाखाणी, "गाडी कुठे लावायची?" असे विचारी, आणि परत येत नसे. पावसाळा उलटला, हप्ते थकले. बाव भरण्यास पैसे नव्हते. हर्षदने कठडा तोडून तोंडावर लोखंडी अँगल व पत्रे टाकले. वर पातळ काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक.

शेजारीण येसूबाई यांनी कुंपणाच्या गडग्यापलीकडून विचारले, "बाव बुजवलीस काय रे?"

"बुजवली, आजी."

"माती कधी आली ती?"

"तुम्ही झोपला होतात."

मी तेथे उपस्थित होतो. हसलो. 'बाव बुजवून निर्मिलेले प्रशस्त वाहनस्थान' हा जाहिरातीचा मजकूर मी रचला.

आज सकाळी मुंबईचे गिऱ्हाईक येणार होते. "मामा, अंगणात गाडी उभी असली की घर भारदस्त वाटतं," असे म्हणून हर्षद मित्राची गाडी घेऊन पुढे गेला. मी मागाहून रिक्षाने पोहोचलो. फाटक उघडे होते. गाडी दिसली नाही. अंगणाच्या मध्यभागी अवकाश होता. कडेचे ब्लॉक अद्याप एकेक करून आत पडत होते. आवाज उशिराने येत होता. मी हर्षदला हाक मारली. उत्तर आले. ते माझ्याच आवाजात होते.

अग्निशमन दल तेथे आहे. क्रेन यावयाची आहे. माझी बहीण, हर्षदची आई, चिपळूणहून निघाली आहे. गाडी बंद पडली आहे, एवढेच मी तिला सांगितले आहे.

जबाब मला वाचून दाखविला. जाहिरातीतील 'बुजवून' या शब्दाच्या जागी 'झाकून' असे करता येईल काय, असे मी विचारले. जे तेव्हा लिहिले तेच राहील, असे सांगण्यात आले. तो एक शब्द वगळता सर्व खरे व बरोबर आहे.

सही/-
म. गं. सुर्वे