छत्तिसावा फोटो

रुचिरा : काका, माझ्या दोराची गाठ तिसऱ्यांदा तपासताय. आधीच्या दोन वेळा ती काही वेगळं म्हणाली का?

कमळाकर : गाठ काही म्हणत नाही, हाच तिचा दोष. पुढच्या रविवारी करू या का? आज दगड तापलाय.

रुचिरा : सकाळचे साडेसात वाजलेत.

कमळाकर : पनवेलचा दगड आहे. कालचं ऊन सोडत नाही.

रुचिरा : आठ महिने दर रविवारी माझा दोर तुम्हीच धरताय ना? मग आज काय झालं?

कमळाकर : तेव्हा दोर वरून यायचा. सुटलीस तर वाळत घातलेल्या चादरीसारखी जागच्या जागी लोंबायचीस. आज दोर तू वर नेणार. कातळात ठोकलेल्या प्रत्येक बोल्टला कडी लावून त्यात दोर अडकवायचा. शेवटच्या कडीच्या वर जेवढी गेलीस, सुटल्यावर तेवढीच तिच्या खाली. तेही खालच्या माणसाने दोर धरला असेल तर.

रुचिरा : दोर वर न्यायची ही फर्स्ट लीड माझी आहे. घाबरायचं मी. तुमचे हात का थरथरतायत?

कमळाकर : वय झालं.

रुचिरा : वय, की फोटो?

कमळाकर : कुठला फोटो?

रुचिरा : आमच्या हॉलमधला. बाबा याच कातळावर, तिसऱ्या बोल्टपाशी, खाली बघून हसतायत. लहानपणापासून बघतेय. परवा जेवताना एकदम स्ट्राइक झालं. बाबा पडले त्या दिवशी इथे तुम्ही दोघंच होतात ना?

कमळाकर : दोघंच.

रुचिरा : मग फोटो कोणी काढला?

कमळाकर : बुटाची नाडी बांध नीट.

रुचिरा : काका.

कमळाकर : कॅमेऱ्याच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. छत्तिसावा. संध्याकाळी रोल धुवायला टाकायचा होता. म्हटलं, वाया कशाला घालवा. दोरावरचा उजवा हात काढला. एक सेकंद.

रुचिरा : बाबा सगळ्यांना सांगतात, पाय घसरला.

कमळाकर : घसरलाच. पाय घसरतातच गं. त्यासाठीच खाली माणूस ठेवतात. त्याचा गुडघा गेला आणि फोटो उत्तम आला. बावीस वर्षं तुमच्याकडे येतोय. प्रत्येक पाहुणा म्हणतो, काय सुंदर फोटो! मी चहा पितो. आणि तुझा बाबा, आमचा गुरू, सुकापूरच्या तुमच्या बिल्डिंगचे दोन मजले चढताना तीनदा टेकतो. बिल्डरने लिफ्टचा खड्डा तेवढा दिलाय.

रुचिरा : मी विचारलं बाबांना.

कमळाकर : काय म्हणाला?

रुचिरा : "लीड करशील तेव्हा दोर कमळाकरच्याच हातात दे." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कमळाकर : आणि तुला काय वाटतं?

रुचिरा : ते वर पोचल्यावर. आत्ता सांगितलं तर हात अजून थरथरतील, आणि मला ते हात लागणारेत. रेडी?

कमळाकर : थांब. गाठ.

रुचिरा : काका!

कमळाकर : चौथ्यांदा. हं. चढ.

(रुचिरा चढू लागते.)

रुचिरा : पहिली कडी लागली! दुसरीही! बोला ना काहीतरी.

कमळाकर : बोलताना लक्ष जातं.

रुचिरा : तिसऱ्या बोल्टला हात पुरत नाही. ढील द्या. अजून. काका, बाबा इथेच...

कमळाकर : तिथेच. गुरूला आत्ता घरी राहू दे. डावा पाय वर घे.

रुचिरा : पाय निसटतोय. नाही जमत, काका! सुटले!

कमळाकर : धरलंय.

रुचिरा : काका?

कमळाकर : धरलंय. धरलंय म्हटलं ना.

रुचिरा : तुम्ही ठीक आहात?

कमळाकर : तुझ्या वजनाने मी दगडावर आपटलोय. कोपर सोललंय. दोर जागेवर आहे. खाली घेऊ?

रुचिरा : ...नको. श्वास घेते जरा.

कमळाकर : घे. मीही घेतो.

रुचिरा : जाते परत. ढील... थोडीच... लागली! काका, तिसरी लागली!

कमळाकर : ओरडू नकोस. अजून एक आहे.

रुचिरा : चौथी! वरची साखळी हाताला लागली. पोचले!

कमळाकर : आधी साखळीला स्वतःला अडकव. मग आनंद.

रुचिरा : अडकवलं. थेट खाडी दिसतेय इथून.

कमळाकर : दिसू दे. मग, सांग आता. काय वाटतं ते.

रुचिरा : आधी एक फोटो काढा ना. बाबांना पाठवायचाय.

कमळाकर : खाली ये तू. हात मोकळे नाहीत.