रोजची सुई

छप्पन सालचा उन्हाळा. सडक अर्जुनीला गोंदियाच्या मोटारीची वाट पाहत वच्छला मोहाखाली टेकली होती. शेजारी चटईवर ताराचंद नावाचा एक सुजलेला माणूस डोळे मिटून पडला होता. त्याची आई आणि धाकटा भाऊ गोपीचंद यांचं बोलणं तिच्या कानी येत राहिलं.

"गोपी, डाक्टरनं सुई दर चौथ्या दिवशी सांगतली होती. तू कंपाउंडरले रोज काऊन द्याले लावली?"

"दवाखान्यात बाजूच्या खाटीवरच्याले रोज देत. म्हटलं, आपल्यालेच कायले कमी?"

"त्याची लघवी होत होती. तुह्या दादाची बंद आहे. ते औषध लघवीतूनच बाहेर निघते, असं डाक्टर बोलला नाही का?"

"बोलला. पण ताप किती होता, माय! वाटलं, जास्त देलं तं लवकर उतरन."

"तलावाची पाळ बांधणाऱ्या घरचा तू. सांडवा बुजला असताना आणखी पाणी घेते का कोणी?"

गोपीचंदनं भावाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "ताप उतरला ना पण?"

"उतरला. आता उभा केला तं तोल जाते त्याचा. कालपासून हाक मारली तं ओ देत नाही. थकला असन."

"माहं चुकलं, माय."

"मले नोको सांगू. त्याले सांग."

गोपीचंदनं वाकून भावाचा हात धरला. ताराचंदनं डोळे उघडले.

"दादा, माहं चुकलं. रोज सुई मीच द्याले लावली."

वच्छलानं मान फिरवून घेतली.

"गोपी," ताराचंद म्हणाला, "नुसते ओठ कायले हालवून राहिला, बाबा? बोल ना."