मास्तरांच्या दारावरचा कडुलिंब

आमच्या अण्णांना तुम्ही धीराचा माणूस म्हणता ना? मग ऐकाच. नवा मध्यप्रदेश झाला, तेव्हा आम्ही इतवारा मोहल्ल्यात राहायचो. अण्णा शाळेत मास्तर. वर्गात छाती ठोकून सांगायचे, "मुलांनो, देवीचा टीका टोचून घ्या, भिऊ नका!"

एका सकाळी लस टोचणारा टीकेवाला गल्लीच्या तोंडाशी आला, आणि हेच अण्णा स्टुलावर चढून दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायला लागले. डहाळी दिसली म्हणजे घरात देवी आलेल्या, परक्यानं आत पाऊल टाकायचं नाही.

आई म्हणाली, "अहो, पोरं तर धडधाकट आहेत!"

"तू चूप बस. पोरांना टोचणं झेपत नाही."

मास्तरांनी बांधली म्हटल्यावर सगळ्या गल्लीनं बांधली. गल्लीतलं कडुलिंबाचं झाड बोडकं झालं. टीकेवाल्यानं दारं पाहिली, हात जोडले अन् निघून गेला. अण्णा मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी तो आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांना आणि चार शिपायांना घेऊन परतला. "साहब, पूरी गली में माता निकली है!"

साहेबांनी गल्लीची दोन्ही तोंडं बंद केली. "बच्चे, बूढ़े, सबको टीका लगेगा. पहले मास्टरजी, आपको देखकर ही तो लोग सीखते हैं."

आम्ही पोरांनी गुपचूप टोचून घेतलं. अण्णांची बोंब मात्र पार पलीकडच्या शनवारा मोहल्ल्यात ऐकू गेली.

सोमवारी वर्गात अण्णांनी बाही वर केली. "बघा रे! अख्ख्या गल्लीत पहिला टीका कोणी घेतला?"