काचघरातल्या कळ्या आणि एक खोटं वाक्य

आजचे सन्माननीय अध्यक्ष म्हणजे आपल्या उद्यान विभागाचे प्रमुख साहेब, मंचावर बसलेले आपले अधीक्षक साहेब, वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, माझे सहकारी, आणि जिला निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ती माझी आत्या!

कार्यालयात तिला सगळे 'काचघरवाल्या बाई' म्हणतात. आज मी आत्याच म्हणणार आहे. मी इथली कंत्राटी टंकलेखिका. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून मला सांगण्यात आलं, "तू शिकलेली आहेस, दोन गोड शब्द बोल." गोड शब्द मी लिहून आणले होते. ते पर्समध्येच राहू दे.

माझ्या आधी तीन जण बोलले. बाई किती शांत, बाई किती सोशिक, बाईंनी कधी तक्रार केली नाही. एकवीस वर्षं जिनं काचघर सांभाळलं, तिच्या कामाबद्दल कुणी एक वाक्य तरी बोललं का? तिच्या हाताला काय कळतं, हे कुणाला माहीत आहे का?

मी सांगते. आफ्रिकन व्हायोलेटचं रोप म्हणजे तळहाताएवढं. पानं मखमली, फुलं जांभळी. उकाडा वाढला की त्याची पानं मान टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, तहान लागली. तो पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोळतात, तो आणखी घालतो. खरं तर माती ओलीच असते. उष्म्यानं मुळं थकलेली असतात, ती पाणी ओढत नाहीत, सडतात. आत्या आधी कुंडी उचलते. जड लागली तर हात मागे. हलकी लागली तरच खालच्या बशीत पाणी, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, कारण गार पाणी या रोपाला सोसत नाही. पानावर थेंब पडू देत नाही, डाग पडतात. आणि उन्हाळा लागला की सगळ्या कळ्या खुडून टाकते. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, तू दुष्ट आहेस का गं?" ती म्हणाली, "अगं, या दिवसांत हिला जगू द्यायचं असतं. फुलायचं नंतर."

या उन्हाळ्यात ती कळ्या खुडत असताना अधीक्षक साहेब काचघरात आले. आठ दिवसांनी मुख्य कार्यालयाचे पाहुणे यायचे होते.

"बाई, फुलं तोडायला ठेवलंय का तुम्हाला इथं?"

"साहेब, कळ्या ठेवल्या तर रोपं जातील."

"वा! म्हणजे आता आम्ही तुमच्याकडे शिकवणी लावायची!"

साहेबांसोबत आलेले सगळे हसले. मी वही घेऊन मागे उभी होते. मी हसले नाही, वहीत पाहणीची वेळ तेवढी लिहून घेतली.

त्याच दुपारी आत्याची बदली अवजारांच्या खोलीत झाली. छताची सावलीसाठी लावलेली हिरवी जाळी काढली, पाहुण्यांना उजेड हवा म्हणून. परिपत्रक निघालं: प्रत्येक कुंडीला दिवसातून दोनदा पाणी. ते नळीनं, वरून घातलं गेलं. पाहुणे आले, सात मिनिटं थांबले, "छान, छान" म्हणाले आणि चहाला गेले. पंधरा दिवसांत एकशे बारा रोपं सडली. आत्या अवजारांच्या खोलीच्या खिडकीतून बघत होती. तिला काचघरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

मग अधीक्षक साहेबांचा अहवाल निघाला. "काचघर कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे एकशे बारा रोपे दगावली." हे वाक्य आत्याच्या सेवापुस्तकात आहे. ते टाईप कुणी केलं? मी! कागद घेऊन मी तिच्याकडे गेले होते. "आत्या, हे असं लिहायला सांगितलंय." तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "कर गं टाईप. तुझी नोकरी नवी आहे." आणि मी केलं. एकही अक्षर चुकलं नाही. वाक्य तेवढं खोटं होतं. त्या दिवसापासून माझ्या पदवीची मला लाज वाटते.

अहो... अहो साहेब, थांबा! नका घालू! तुमच्या ग्लासातलं पाणी बर्फाचं आहे!

क्षमा करा, माझा आवाज चढला. पण बघा ना, मी इतका वेळ काय सांगतेय? आत्याला भेट म्हणून आपण बाजारातून फुललेलं व्हायोलेट आणलं, त्या प्रखर दिव्याखाली ठेवलं, आणि पानं लवली तसं अधीक्षक साहेबांनी ग्लास उचलला. कुंडी उचलून तर बघा आधी! जड आहे की नाही?

आत्या मला खुणेनं 'बस कर' म्हणतेय. नाही आत्या, आज नाही.

अध्यक्ष महोदय, सव्वाचार वाजलेत. पाच वाजता सेवापुस्तक बंद होऊन मुख्य कार्यालयात जाईल. त्यानंतर हे वाक्य कायमचं तिच्या नावावर राहील. दुरुस्तीचा कागद मी टाईप करून आणलाय. त्यात बदलीची तारीख आहे, परिपत्रकाचा क्रमांक आहे, जाळी काढल्याचा आदेश आहे. खाली अधीक्षक साहेबांची सही हवी आणि आपली. फुलांचा गुच्छ माझ्या हातून द्यायचं ठरलंय. सही झाल्याशिवाय मी तो देणार नाही. माझं कंत्राट संपवायचं असेल तर तो कागदही मीच टाईप करून देईन.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. त्या वाक्याची माफी मात्र तुमच्याकडे मागायची नाही, ती मी आत्याकडे मागते.

आणि हे बघा, ती उठली. कुंडी दिव्याखालून काढली, हातात तोलली, सावलीत ठेवली. आता तुमच्या सगळ्यांसमोर कळ्या खुडतेय.

अधीक्षक साहेब, या वेळी काय लिहू?