चौकटीला घातलेला हार

पिराजी सातापा सुतार, वय वर्षे ५४, धंदा फोटो व चित्रांच्या चौकटी करणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. दिनांक १७ नोव्हेंबर १९७४, सकाळी साडेनऊ.

कुणी बोलावले म्हणून नव्हे, तर आपल्या पायांनी ठाण्यात येऊन मी समक्ष सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी तानाबाई हिच्यासह राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझे दुकान आहे. तीस वर्षे हाच धंदा करतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा फोटोंपैकी सात गेलेल्या माणसांचे असतात. गिऱ्हाईक फोटो हातात देते आणि वर हाराला एक खिळा ठेवा म्हणते. म्हणजे फोटोला हार कधी घालतात हे मला कुणी शिकवायला नको. हे आधी लिहून घ्यावे.

काल पंचनाम्याच्या वेळी मी 'हार कोणी घातला ते पाहिले नाही' असे सांगितले. ते खोटे आहे. दवाखान्यात नृसिंह मास्तरांनी 'हार मी घातला' असे सांगितले, तेही खोटे आहे. दोन्ही दुरुस्त करण्यासाठी आलो आहे.

नृसिंह गोविंद वाळवेकर हे हायस्कुलात चित्रकला शिकवतात. बावीस वर्षे त्यांनी पोरांकडून फुलदाण्या आणि कमळे काढून घेतली आणि शाळा सुटल्यावर आपली चित्रे काढली. त्यांचे एकट्याचे असे पहिलेच प्रदर्शन काल, दिनांक १६ रोजी, कलामंडळाच्या दालनात सुरू होणार होते. एकूण चौतीस चित्रे. सर्व चौकटी माझ्या. मुंबईच्या एका मोठ्या कलादालनाचे मास्तरांना पत्र आले होते की, आमचा माणूस सोमवारी येऊन चित्रे पाहील, पसंत पडली तर जानेवारीत तुमचे प्रदर्शन मुंबईत मांडू. ते पत्र मास्तर खिशात घेऊन फिरत. माझ्या दुकानात त्यांनी ते चार वेळा वाचले. चौथ्या वेळी मी रंधा चालूच ठेवला, त्यांनी तरी वाचले.

हवालदारसाहेब म्हणतात, मुद्द्याचे बोला. मुद्दाच सांगतो आहे.

सर्वांत मोठे चित्र सात फूट बाय पाच फूट होते. त्यात बाळासो पैलवान कुस्ती संपवून तालमीच्या हौद्यात मातीवर बसला आहे. बाळासो पाचवीत मास्तरांच्या हाताखाली होता. या चित्रासाठी तो आठ महिने दर रविवारी येऊन बसला. "मास्तर, हजार जोर काढाय सांगा, पर गप बसाय सांगू नगा," असे म्हणायचा आणि बसायचा. या चित्राला मी जुन्या दाराचे सागवान वापरले. तीन इंच रुंद, दोन इंच जाड, चारही सांधे खिळ्याशिवाय. तीस वर्षांत एवढी मोठी चौकट माझ्या हातून झाली नव्हती.

काल सकाळी नऊ वाजता ती समोरच्या भिंतीवर टांगली. पाहुण्यांसाठी दोन हार आणले होते. एक पाहुणे येत नाहीत असा निरोप आला आणि एक हार उरला. आपल्याकडे नवी म्हैस आणली की हार घालतात, नव्या ट्रॅक्टरला घालतात, पिठाच्या गिरणीलाही घालतात. मी माझ्या चौकटीला हार घातला. मास्तर त्या वेळी बाहेर रस्त्यावर लोकांना पत्ता दाखवत होते. त्यांनी मला सांगितले नव्हते आणि हार घालताना पाहिलेही नव्हते.

हवालदारसाहेबांनी विचारले, हार जिवंत माणसाच्या चित्राला पडतोय हे कळले कसे नाही? मला चौकट दिसत होती. आत बाळासो आहे हे त्या घडीला माझ्या डोक्यातच नव्हते. यापेक्षा बरे उत्तर माझ्याकडे नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी कार्यक्रम सुरू झाला. मंडळाचे एक जुने सभासद आठ दिवसांपूर्वी वारले होते. त्यांच्यासाठी सर्वांनी दोन मिनिटे उभे राहायचे ठरले. तीस-पस्तीस माणसे माना खाली घालून उभी राहिली. तोंडे समोरच्या भिंतीकडे. सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती. अशा वेळी बाळासोची आई झुंबरबाई शेजारणीला, बायडाबाईला, घेऊन दारात आली. मास्तर स्वतः घरी जाऊन तिला बोलावून आले होते. बाळासो शुक्रवारी कुस्तीसाठी कुरुंदवाडला गेला होता. रात्री परत यायचा तो आला नव्हता. बाई रात्रभर जागी होती, असे बायडाबाई सांगते.

झुंबरबाईने माणसे पाहिली, मग चित्र पाहिले, मग हार पाहिला. ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "माजा बाळू कवा गेला? मला कसं कुणी सांगिटलं न्हाय?"

मास्तर धावले. "आक्का, जिवंत आहे तो, नुसतं चित्र आहे," असे दोनदा म्हणाले. बाईला ऐकू जात नव्हते. ती मागे मागे सरकत गेली, उंबऱ्याला पाय अडकला आणि बाहेरच्या दगडी पायरीवर उताणी पडली. डोके आपटल्याचा आवाज आत आला. रक्त पायरीवरून खाली गटारीपर्यंत गेले. टांग्यातून तिला सरकारी दवाखान्यात नेले. बायडाबाई सोबत गेली. बाकीचे लोक निघून गेले. मास्तरही दवाखान्याकडे निघाले होते, पण मंडळाच्या लोकांनी त्यांना दालन सोडू नका म्हणून थांबवले. मी हार काढून खुर्चीवर ठेवला. तिथे तो बघवेना म्हणून परत हातात घेतला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाळासो आला. बरोबर तालमीचे गुंडू वस्ताद आणि पाच-सहा जण काठ्या घेऊन होते. बाळासोने कुरुंदवाडची कुस्ती मारली होती. शेवटची गाडी चुकली म्हणून तो तिथेच राहिला होता. कपाळावर गुलाल, डोक्याला जिंकलेला पटका. एस. टी. स्टँडवर उतरताच त्याला कुणीतरी सांगितले होते की, मास्तरने तुझ्या फोटोला हार घातला आणि ते बघून तुझी आई जागेवर मेली.

त्यांनी आधी चित्रे फोडली. काचा काठीने, कापड पायाने. एकाने मास्तरांच्या पत्नीचे चित्र, मीनाक्षीबाई भाकरी थापताना, भिंतीवरून ओढून गुडघ्यावर मोडले. चौतीसपैकी सव्वीस गेली. मोठे चित्र बाळासोने स्वतः खाली पाडले आणि चित्रातल्या आपल्याच तोंडावर लाथ घातली. सांधे तुटले. खालची पट्टी सुटून आली. ती त्याने उचलली.

मग म्हणाला, "हार कुनी घाटला?"

हार माझ्या हातात होता. त्याने तो पाहिला. माझी बोबडी वळली होती, हे सांगायला मला लाज वाटते, पण लिहून घ्यावे.

मागून मास्तर म्हणाले, "मी घातला, बाळासो. पिराजीला मीच काढायला सांगितला."

"मास्तर, तुमी?"

"होय."

"हात फुडं करा."

शाळेत छडी मारताना मास्तर पोरांना हेच म्हणत. हात मागे घेतला तर दोन छड्या जास्त, हा त्यांचा नियम होता. मास्तरांनी उजवा हात पुढे केला. पहिल्या घावाला मनगट मोडले. मास्तरांनी डाव्या हाताने कोपर धरून तो हात तसाच पुढे ठेवला. दुसऱ्या घावाला बोटे मोडली. तिसऱ्याला हाड कातडीबाहेर आले. त्यांनी हात मागे घेतला नाही. मी चार पावलांवर हार धरून उभा होतो.

चौथा घाव उचलला होता, तेव्हा बायडाबाई धापा टाकत दारात आली. म्हणाली, "बाळासो, आक्का सुदीवर आली. तुलाच इचारतीया."

बाळासोने पट्टी टाकली आणि काचांवरच बसला. गुंडू वस्ताद त्याला उठवत होते, तो उठेना. मग त्याने डोक्याचा पटका सोडला, मास्तरांचा हात त्यात बांधला, त्यांना दोन्ही हातांवर उचलले आणि दवाखान्यापर्यंत चालत नेले. वाटेत "मास्तर, मास्तर" एवढेच म्हणत होता. मी मागे होतो. तिथून तो स्वतः ठाण्यात हजर झाला.

झुंबरबाईला अकरा टाके पडले आहेत. ती बोलते. बाळासोला आत टाकले हे तिला अजून सांगितलेले नाही. मास्तरांच्या हाताचे मी डॉक्टरांना विचारले, ब्रश धरता येईल का? डॉक्टर म्हणाले, आधी ताप उतरू दे.

काल संध्याकाळी मी मास्तरांना विचारले, माझे पाप अंगावर का घेतले? ते म्हणाले, "पिराजी, माझी चित्रं काढून झालीत. आठ शाबूत आहेत. सोमवारी तो माणूस येणार. तुझा हात मोडला असता तर चौकटी कुणी केल्या असत्या?" मी त्यांच्यापुढे रडलो. त्यांनी मला गप्प राहायला सांगितले. त्यांचे एवढे एकच मी ऐकलेले नाही.

मुद्देमालातील पट्टी मला दाखवली. ती मीच केलेली आहे. एवढा मार बसूनही तिला चीर गेलेली नाही. माझी विनंती आहे की, काल पंचनाम्यानंतर दालनाला लावलेले सील आज काढावे. आठही चित्रे उद्या सकाळी दहाच्या आत भिंतीवर लावायची आहेत. बाळासोने जे केले ते केले, त्याची शिक्षा कोर्ट ठरवील. पण त्याने ज्याचा हात मोडला त्याने हार घातला नव्हता, हे त्याला कळले पाहिजे.

गुंडू वस्ताद आणि तालमीची मंडळी सकाळपासून बाहेर व्हरांड्यात बसून आहेत. हवालदारसाहेब मला मागच्या दाराने सोडतो म्हणाले. मी नको म्हणालो.

हा मजकूर त्यांनी मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी दार उघडायला लावले आणि 'मी माझ्या चौकटीला हार घातला' हे वाक्य, माझ्या नावासकट, पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. बाहेरचे बोलणे थांबले. लिहिलेले सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे. खाली उजव्या हाताने सही करतो.

पि. सा. सुतार