दोन वायरींतला फरक

त्या प्रोबचं नाव काढू नका रे, आधी चहा पिऊ द्या.

ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लहर काढणाऱ्या स्क्रीनवर, दोन वायरींतल्या व्होल्टेजचा फरक तेवढा दाखवतो, तो डिफरन्शियल प्रोब. बारामतीला कॉलेजात एकच, तोही कपाटात बंद. म्हणून मी घरीच बनवला. तीन आठवडे जोडीचे रेझिस्टर जुळवून डोळे गेले. सबमिशनच्या आदल्या दिवशी सकाळी गावी कळसला, आमच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला दोन फेजवर लावला; दोन वेगळ्या फेजांत फरक असायलाच हवा. स्क्रीनवर सरळ रेघ! टेस्टर लावला, तर दोन्ही वायरींवर पेटतोय. म्हणजे प्रोबच गेला. घरी येऊन सोल्डरचा एकेक डाग सोडवून सगळे रेझिस्टर उपसले.

तेवढ्यात माझे चुलते, तात्या, आले. "काय रं, मोडलास व्हय?"

"दोन्ही वायरींत करंट हाय तात्या, पण ह्यो फरकच दाखवत न्हाय."

"असंल तर दाखवंल! ह्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रातची हाय. दिवसा मोटर चालू नये म्हणून दोन्ही वायरींत एकच फेज सोडत्यात."

मी उपसलेले रेझिस्टर एकेक करून गोळा करायला लागलो.

"म्हंजी खरं बोलत हुतं बिचारं," तात्या म्हणाले. "मग उसवलंस कशाला?"